बे-लीफ फार्महाऊसमधून काय काढले आणि का: एक प्रकरण अभ्यास

1960 च्या दशकाच्या अखेरीस ईस्ट सरे वॉटर कंपनीने इंग्लंडच्या केंट कौंटीत बाउ बीच या ठिकाणी पाणीपुरवठ्यासाठी जलाशय बांधायला घेतला. चिडिंगस्टोन गावाच्या परिसरातली काही जुनी शेतघरे या कामाच्या आड येत होती. त्यातलेच एक बे-लीफ. लाकडी सांगाड्याचे, कौलारू, साडेपाचशे वर्षांचे. ते पाडून टाकायला कोणाची फारशी हरकत नव्हती, कारण आत शिरणाऱ्याला तिथे दिसे ते धुराडे, बसक्या छताच्या खोल्या आणि वेगवेगळ्या काळातल्या दुरुस्त्या. कंपनीने हे घर वेस्ट ससेक्समधल्या एका नव्या संग्रहालयाला देऊन टाकले. रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने 1967 मध्ये स्थापन झालेले हे वील्ड अँड डाऊनलँड संग्रहालय. 1968-69 मध्ये घर एकेक लाकूड मोकळे करून उतरवले गेले आणि 1971-72 मध्ये सिंगलटन गावाजवळ पुन्हा उभे राहिले.

इथपर्यंतची हकिगत जुनी घरे वाचवण्याच्या अनेक कथांसारखी आहे. बे-लीफ वेगळे ठरते ते पुढच्या निर्णयामुळे. पुन्हा उभारताना घर ज्या अवस्थेत मिळाले त्या अवस्थेत उभारले नाही. सतराव्या शतकात घातलेले धुराडे आणि त्यासोबतचा मधला मजला वगळून ते 1540 च्या आसपास जसे असेल तसे उभे केले. म्हणजे जवळजवळ 300 वर्षे ज्या रूपात लोक त्या घरात राहिले ते रूप काढून टाकले. हे योग्य झाले का, आणि कशाच्या आधारावर झाले, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

घर कसले होते

केंट आणि ससेक्समध्ये पसरलेला हा टापू वील्ड म्हणून ओळखला जातो. चिकणमातीची जड जमीन, पावसाळी दिवसांत चिखल, आणि सगळीकडे ओकची झाडी. गावठाणात दाटीने घरे, असा प्रकार इथे कमी; शेतघरे आपापल्या जमिनीवर सुटी सुटी उभी. 1348-49 च्या प्लेगने इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या नेली. जे उरले त्यांना जमीन मिळणे सोपे झाले आणि मजुरीचे दर वाढले. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत केंटमधल्या खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यांनी, ज्यांना तिथे योमन म्हणत, भक्कम घरे बांधली. त्यातली कितीतरी अजून उभी आहेत. सरदार-दरकदारांचे वाडे टिकणे वेगळे. साध्या शेतकऱ्याचे घर सहाशे वर्षे टिकते ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

या घरांची एक खास धाटणी आहे आणि तिला त्या टापूवरूनच वील्डन घर म्हणतात. मधोमध दिवाणखाना, म्हणजे हॉल. तो जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळा, मध्ये मजला नाही. दोन्ही टोकांना दोन मजली भाग, आणि त्यांचे वरचे मजले दर्शनी बाजूला थोडे पुढे झुकलेले. त्यामुळे मधला हॉल आत गेल्यासारखा दिसतो. पण छप्पर मात्र सलग एकच. हॉलसमोर ही छपराची कड अधांतरी राहू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या खांबांतून वक्र लाकडे निघतात आणि तिला आधार देतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला घर ओळखू येते ते या वक्र लाकडांमुळेच.

आतली मांडणी ठरलेली. पुढच्या आणि मागच्या दारांना जोडणारी आडवी वाट. तिच्या एका अंगाला दोन कोठ्या, एक पेयांची आणि एक दूधदुभते व खाण्याच्या जिनसांची, आणि त्यांच्यावर एक खोली. दुसऱ्या अंगाला दोन खणांचा हॉल. हॉलच्या जमिनीवर उघडी आगटी. धुराडे नाहीच, धूर वर चढून छपरात घुटमळणार आणि फटींतून, छपराच्या टोकाशी ठेवलेल्या लहान तिकोनी झरोक्यांतून हळूहळू बाहेर पडणार. आगटीपलीकडच्या टोकाला घरमालकाचा बाक आणि मेज. त्या भिंतीमागे बैठकीची खोली, आणि तिच्यावर मालकाची निजायची खोली. घरात कोणी कुठे बसायचे हे बांधणीनेच ठरवून दिलेले असे. खिडक्यांना काच नाही. उभे लाकडी गज आणि आतून सरकवायच्या झडपा. वारा, पाऊस आणि उजेड यांपैकी एकाला बाहेर ठेवायचे तर तिघेही बाहेर.

लाकूड काय सांगते

या घराची कुंडली कागदपत्रांपेक्षा लाकडातच जास्त आहे, आणि ती वाचायची पद्धत हा या प्रकरणातला सर्वांत समृद्ध भाग आहे.

सुतारांनी ओक ओलाच वापरला. झाड पाडले की फार दिवस न जाऊ देता तासून, कापून कामाला घ्यायचे, कारण वाळलेला ओक इतका कठीण होतो की त्यावर पटाशी चालवणे जिवावर येते. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचे, दुसऱ्यात त्या मापाची खोबण. मग गिरमिटाने दोन्हींतून भोके पाडायची, पण ती मुद्दाम एका रेषेत नसतील अशी, अगदी जरा इकडची तिकडे. त्यातून निमुळती लाकडी मेख ठोकली की ती भोके एका रेषेत यायला बघतात आणि कुसू खोबणीत आणखी आत खेचले जाते. सांगाडा बांधून झाल्यावर ओक वाळतो, आक्रसतो, किंचित पिळवटतो. पण सांधा सुटत नाही. या मुख्य सांध्यांत लोखंडी खिळा लागत नाही.

खांबाचे वरचे टोक पाहण्यासारखे असते. सुतार झाड उलटे करून उभा करी, बुंध्याकडचा जाड भाग वर. त्या रुंद माथ्यावर एकाच ठिकाणी तीन गोष्टी बसवायच्या असत: खांब स्वतः, भिंतीच्या माथ्यावरून लांबीने जाणारी तुळई, आणि घराच्या रुंदीत आडवी टाकलेली दुसरी तुळई. ही आडवी तुळई पहिलीवर अशा पाचरीच्या आकाराच्या खाचेने बसते की छपराच्या भाराने भिंती बाहेर फाकू लागल्या तर सांधा आणखी घट्ट होतो. हा सांधा इंग्लंडमध्ये काही शतके जवळजवळ न बदलता वापरला गेला. तो ज्याला एकदा नीट समजला त्याला पुढे बाकीचा सांगाडा वाचता येतो.

सगळे घर आधी सुताराच्या अंगणात आडवे मांडून जुळवले जाई, मग सुटे करून जागेवर नेले जाई. कुठले लाकूड कुठे जायचे ते चुकू नये म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना रोमन आकडे कोरत. म्हणजे हे घर मुळातच सुटे करून पुन्हा जोडण्याच्या रीतीने बनले होते. 1968-69 मध्ये लाकडे उतरवणाऱ्यांनीही प्रत्येक लाकडाला आपला क्रमांक दिला. पंधराव्या शतकातल्या सुताराला ही रीत परकी वाटली नसती.

आता हरवलेल्या गोष्टी कशा सापडतात ते पाहा. आज जिथे विटांची भिंत किंवा मोठी काचेची खिडकी आहे, तिथल्या वरच्या तुळईच्या तळाशी शंकरपाळी आकाराच्या रिकाम्या खाचा ओळीने दिसतात. तिथे एकेकाळी उभे गज होते. किती होते आणि किती अंतरावर, हेही त्या खाचांवरून कळते. शेजारी लांब चर असेल तर तिथून झडप सरकत होती. आडव्या लाकडांत ठरावीक अंतरावर भोके आणि समोरच्या लाकडात सलग खाच असेल तर तिथे कूड होता: उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या फोकाट्या, आणि वरून माती, शेण व गवताचे लिंपण. मराठी वाचकाला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. रिकामी खोबण आणि तिच्यात मेखेचे भोक असेल तर तिथले लाकूड कोणीतरी नंतर काढले. खोबण आहे पण मेखेचे भोक नाही, तर तिथे लाकूड कधी बसवले होते का, याचा थांबून विचार करायचा.

आणि काजळी. हॉलवरचे वासे आणि छपरातली लाकडे काळी पडलेली असली, आणि टोकांच्या दोन मजली भागांवरचे वासे स्वच्छ असले, तर आगटी कुठे होती आणि धूर कुठपर्यंत जाई याची जणू रेघच ओढलेली मिळते. नंतर घातलेल्या मजल्याच्या तुळया या काजळीपासून मुक्त असतात. जुने लाकूड काळे आणि नवे स्वच्छ, एवढ्या एका खुणेवरून शेकडो घरांचा मूळ आराखडा शोधला गेला आहे.

दोन तारखा

वृक्षवलयांवरून लाकडाचे वय काढण्याची पद्धत बे-लीफला लावली गेली तेव्हा घर एकाच काळातले नाही हे नक्की झाले. हॉल आणि कोठ्यांचा भाग 1405 ते 1430 च्या दरम्यानचा. मालकाच्या खोल्यांचे टोक मात्र 1505 ते 1510 च्या दरम्यानचे. झाड कोणत्या वर्षी तोडले हे नेमके सांगायचे तर सालीलगतचे शेवटचे वलय हाती लागावे लागते. सुतार तासताना तो कोवळा भाग बऱ्याचदा निघून जातो, किंवा तो किडीने खाल्लेला असतो. मग गेलेली वलये किती असतील याचा अंदाज बांधून काळाचा पट्टा सांगतात. म्हणून इथे साल नाही, पट्टा आहे.

या दोन तारखांमधले अंतर जवळजवळ तीन पिढ्यांचे. तरीही समोरून घर एकसंध, दोन्ही टोके सारखी. 1505 नंतर ज्याने नवे टोक बांधले त्याच्याजवळ पैसा होता, आणि तरी त्याने आजोबा-पणजोबांच्या काळातली धाटणीच पुढे नेली. उघडी आगटी, आढ्यापर्यंत मोकळा हॉल, झुकलेला वरचा मजला, सगळे तसेच. धुराच्या घरात राहणे म्हणजे गरिबी, असा आपला समज होतो. इथे तो टिकत नाही. मोकळा उंच हॉल ही प्रतिष्ठेची जागा होती. धूर ही तिची किंमत होती आणि लोक ती देत होते. पुढे धुराडे आले, हॉलवर मजला पडला, खोल्या वाढल्या, ऊब वाढली. त्याबरोबर घरातल्या सगळ्यांनी एका आगटीभोवती, एका छपराखाली बसण्याची रीतही गेली.

1540 का

घर पुन्हा उभारताना तीन मार्ग होते. पहिला, मिळाले तसे उभारायचे. दुसरा, 1405-30 कडे जायचे. पण मग 1505-10 चे उत्तम टोक बाहेर ठेवायचे किंवा त्या जागी काल्पनिक काहीतरी उभे करायचे. तिसरा, जेव्हा दोन्ही भाग एकत्र होते आणि धुराडे अजून आले नव्हते असा काळ निवडायचा. संग्रहालयाने तिसरा मार्ग घेतला. 1510 नंतरचे आणि धुराड्याच्या आधीचे कुठलेही साल चालले असते. 1540 सोयीचे होते, कारण सोळाव्या शतकात मृत शेतकऱ्यांच्या घरांतल्या वस्तूंच्या याद्या कायदेशीर कामासाठी केल्या जात आणि त्या मोठ्या संख्येने टिकल्या आहेत. कुठल्या खोलीत किती बाक, किती भांडी, किती अंथरुणे, हे त्यांत लिहिलेले असते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस संग्रहालयाने बे-लीफ याच वर्षाला धरून सजवले. मेज, पेट्या, पलंग, भिंतींवरचे कापडी पडदे, सगळे नव्याने बनवून घेतलेले. बनवून घेतलेले असल्यामुळे लोक त्या बाकावर बसू शकतात, पेटी उघडू शकतात. आगटीही पेटवली जाते.

आता हरकत. इंग्लंडमध्ये 1877 मध्ये लेखक आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली ती नेमक्या या वृत्तीविरुद्ध. त्या काळी चर्चेस 'मूळ रूपात' आणण्याच्या नावाखाली मधल्या शतकांचे काम खरवडून काढले जात होते. मॉरिस यांचे म्हणणे होते की दुरुस्त करा, जपा, पण कुठल्याही एका काळाला खरा ठरवून बाकीचे पुसू नका. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेचे अकरावे कलमही हेच सांगते: वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली भर मान्य करायची, आणि एका काळाचे काम उघडे करण्यासाठी दुसऱ्या काळाचे काढणे केवळ अपवादात्मक परिस्थितीत समर्थनीय. त्याच सनदेचे सातवे कलम म्हणते की वास्तू आपल्या जागेपासून वेगळी करता येत नाही, तिच्या रक्षणासाठी दुसरा उपायच नसेल तर गोष्ट निराळी. बे-लीफ हे सनदेनंतर चारच वर्षांनी उतरवले गेले आणि दोन्ही कलमांच्या कडेवर उभे आहे.

सातव्या कलमाबद्दल माझ्या मनात शंका नाही. जलाशय होणारच होता. घर हलवले नसते तर ते राहिले नसते. अकराव्या कलमाचा प्रश्न अवघड आहे. धुराडे काढताना ज्यांनी ते बांधले, ज्यांनी त्याभोवती पिढ्यान्पिढ्या संसार केला, त्यांचा त्या घरातला वावर पुसला गेला. विटांचे काम सुटे करून पुन्हा बांधणे लाकडाइतके सरळ नसते हेही खरे, कारण भिंत उतरवली की ती विटांचा ढीग होते. लाकडी सांगाडा मात्र उतरवूनही सांगाडाच राहतो. तरीही निव्वळ सोय हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

मग मी या निर्णयाच्या बाजूने का आहे? दोन कारणांनी. एक, जे परत आणले त्याचा पुरावा लाकडात होता. गजांच्या खाचा, मेखांची भोके, काजळीच्या सीमा. शोभेसाठी म्हणून घुसवलेले फारसे काही नाही. आधी चित्र मनात धरून मग वास्तू त्याप्रमाणे घडवणे, हा मॉरिस यांच्या रागाचा विषय होता, आणि इथे क्रम उलटा आहे. दुसरे, सतराव्या शतकातल्या धुराड्याची, मध्ये मजला घातलेली घरे केंट-ससेक्समध्ये शेकड्यांनी आहेत, आणि त्यांत लोक राहतात. उघड्या आगटीचा हॉल, आत उभे राहून मान वर करून पाहता येईल असा, फार थोडा उरला आहे. राहत्या घरातला मजला कोणी काढू नये आणि काढायला सांगूही नये. जे घर आधीच आपल्या जागेवरून आणि वापरातून सुटले होते, त्यावरच हे करणे कमीत कमी अन्यायाचे होते. हाच न्याय जागेवर उभ्या असलेल्या घराला लावला तर मी विरोधात उभा राहीन.

एका बाबतीत मात्र माझे समाधान होत नाही. सिंगलटनची भूमी खडूच्या टेकड्यांची. बे-लीफ चिकणमातीच्या वील्डचे. आजूबाजूला परसबाग, फळबाग, कुंपणाची झाडी, गुरे असा मध्ययुगीन शेतवाडा कष्टाने उभा केला आहे, आणि त्यात शेजारी एक सुंदर धान्यकोठार आहे. ते कोठार ससेक्समधल्या काउफोल्डचे, 1536 चे. काळ जुळतो, पण ते बे-लीफचे कधीच नव्हते. घर आणि कोठार एका अंगणात पाहून पाहुण्याच्या मनात एका कुटुंबाची एक मालमत्ता तयार होते. ही जोडणी अभ्यासपूर्ण आहे, पण ती जोडणी आहे हे तिथे उभ्या माणसाला पहिल्या नजरेत कळले पाहिजे. लाकडाच्या दुरुस्तीत जुन्याला नव्या ओकचा तुकडा जोडतात तेव्हा तो वेगळा ओळखू यावा अशी काळजी घेतली जाते. अंगणालाही तेवढीच काळजी हवी.

शेजारचे विंकहर्स्ट

बाउ बीचच्याच जलाशयासाठी हटवलेली आणखी एक लहान वास्तू त्याच संग्रहालयात आली: विंकहर्स्ट. दोन खणांची, एका भागात छपरापर्यंत मोकळी जागा आणि धुराने काळवंडलेली लाकडे. तिला सुरुवातीला लहान शेतकऱ्याचे स्वतंत्र घर मानले गेले, आणि बरीच वर्षे लोकांनी ती तशीच पाहिली. पुढे लाकडांचा पुन्हा अभ्यास झाला. एवढ्या लहान जागेत आगटीला दिलेला मोठा वाटा, आणि ही वास्तू कधीकाळी एका मोठ्या घराला लागून असल्याच्या खुणा. ते घर नव्हतेच; मोठ्या घराचे स्वयंपाकघर होते, सोळाव्या शतकाच्या आगेमागचे. संग्रहालयाने आपले आधीचे म्हणणे सोडले, सांगाडा दुसऱ्यांदा उतरवला आणि 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याच आवारात नव्या जागी स्वयंपाकघर म्हणून उभा केला. अर्थ बदलला तरी लाकूड हाताशी होते म्हणून हे जमले. आता तिथे ट्यूडर काळातल्या, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातल्या पद्धतीने पाव भाजतात, बिअर बनवतात आणि पाहुण्यांना स्वयंपाक करून दाखवतात.